शेवटची बस आणि बाजूची खोली: ग्रामीण जिल्ह्यात तरुणांसाठी सेवा कशी उभी करावी

ग्रामीण जिल्ह्यात तरुणांसाठी काही सुरू करायचं ठरलं, की पहिली चर्चा हमखास जागेची होते. केंद्र कुठे बांधायचं, उद्घाटन कधी करायचं. खरं तर जागेचा नंबर तिसरा किंवा चौथा लागायला हवा. आधी हे विचारा: कार्यक्रम संपल्यावर सोळा वर्षांची मुलगी घरी कशी पोचणार? ज्या गावात, ज्या वारी, ज्या वेळेला याचं नीट उत्तर मिळतं, तिथेच सेवा चालते. शहरातला आराखडा जसाच्या तसा उचलला, तर जिल्ह्याच्या ठिकाणी देखणी इमारत उभी राहते आणि तिथे चालत येऊ शकणारी तीच ती वीस-पंचवीस मुलं वर्षभर टेबल टेनिस खेळतात.

वयाचं आधीच ठरवून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत ‘युवा’ म्हणजे 15 ते 24 वर्षं. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 ला किशोरवय म्हणते. कागदावर कोणतीही व्याख्या चालेल, पण प्रत्यक्षात 11 ते 13, 14 ते 17 आणि 18 च्या पुढचे असे तीन गट धरावे लागतात आणि त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. बारा वर्षांचा मुलगा आणि बावीस वर्षांचा तरुण एकाच खोलीत आले, की आठवड्याभरात धाकट्यांचे पालक मुलांना पाठवणं बंद करतात, आणि त्यांचं चुकत नाही. बहुतेक देशांत 18 व्या वर्षी माणूस कायद्याने सज्ञान होतो, त्यामुळे संमतिपत्रंही दोन प्रकारची लागतात.

आधी नकाशा

जिल्ह्याचा मोठा कागदी नकाशा भिंतीवर लावा आणि त्यावर पाच गोष्टी मांडा: प्रत्येक गावातली तरुणांची अंदाजे संख्या, शाळा-कॉलेजच्या गाड्यांचे मार्ग, प्रत्येक मार्गावरच्या शेवटच्या बसची वेळ, मोबाइलला रेंज कुठे नाही, आणि मुलं आत्ता कुठे जमतात. ही शेवटची गोष्ट कार्यालयात बसून कळत नाही. उंटावरून शेळ्या हाकू नका, फिरा. प्रत्येक गावात निदान तीनदा जा: शाळा सुटल्यावर, दिवेलागणीनंतर आणि सुट्टीच्या दिवशी. बसथांबा, पूल, मैदानाची कड, दुकानाची पायरी, कुठे ना कुठे कट्टा असतोच. तिथे कोण असतं यापेक्षा कोण नसतं ते लिहा.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांत मोजा. आठ किलोमीटर चांगल्या रस्त्याने दहा मिनिटांचे असतात, घाटातून पंचवीस मिनिटांचे, आणि बस चुकली तर दोन तासांचे. दर आठवड्याच्या कार्यक्रमासाठी एका बाजूचा प्रवास अर्ध्या तासाच्या आत हवा. त्यापुढे उत्साही मुलं येतात, पण ज्यांना गरज आहे ती येत नाहीत.

नकाशासोबत वर्षाची दिनदर्शिका करा. पेरणी-कापणी, परीक्षा, पावसाचे किंवा बर्फाचे दिवस, लवकर अंधारणाऱ्या संध्याकाळी, हंगामी कामासाठी घरंच्या घरं बाहेर जाण्याचे महिने. कापणीच्या आठवड्यात शिबिर ठेवून हजेरी पडली नाही म्हणून मुलांना दोष देणारे अहवाल फार असतात.

मग विचारणा. सभा बोलावू नका. सभेत बोलणारी पाच मुलं प्रत्येक सभेत तीच असतात. त्याऐवजी साठ ते ऐंशी जणांशी उभ्या-उभ्या, दहा मिनिटांचं बोलणं करा आणि त्यात शाळा सोडलेले, शेतावर किंवा दुकानात काम करणारे, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली, लवकर लग्न झालेल्या, अपंग आणि नुकतेच बाहेरून राहायला आलेले यांचा वाटा ठरवून घ्या. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं की उत्तर ‘मैदान’ किंवा ‘वायफाय’ येतं. ‘गेल्या गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ काय केलंस, कोणासोबत, घरी कसा आलास?’ असं विचारलं की कामाची माहिती मिळते.

किती गावं पेलतील

इथे बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून ते मांडूनच दाखवू. समजा दोन पूर्णवेळ कार्यकर्ते आहेत, आठवड्याला प्रत्येकी 40 तास, म्हणजे एकूण 80. गावातलं एक सत्र दोन तासांचं. जाण्याची पाऊण आणि येण्याची पाऊण मिळून दीड तास. मांडामांड अर्धा तास, आवराआवर आणि नोंदी अर्धा तास. एका सत्राला साडेचार तास गेले, माणसं दोन, म्हणजे नऊ तास. पाच सत्रं केली की 45 तास संपले. उरलेल्या 35 तासांत एकेकट्याच्या अडचणींचा पाठपुरावा, शाळांशी आणि दवाखान्यांशी बोलणं, पालकांच्या भेटी, तयारी, प्रशिक्षण, रजा आणि गाडीची डागडुजी. सहावं सत्र घेतलं तर पाठपुरावा कापला जातो, आणि पाठपुरावा नसलेली सेवा म्हणजे करमणूक.

तेव्हा दोन माणसांत पाच सत्रं. लगेच वरून सूचना येईल: पाच गावांना दर आठवड्याला जाण्याऐवजी दहा गावांना पंधरवड्यातून एकदा जा, जास्त गावं ‘कव्हर’ होतील. नकार द्या. आठवड्याच्या सत्राला मुलगा एकदा चुकला तर 14 दिवसांनी भेटतो. पंधरवड्याच्या सत्राला चुकला तर 28 दिवसांनी. चार आठवड्यांच्या खंडात ओळख पुसली जाते, आणि घरची गोष्ट सांगायची तर ओळख लागते. दहा गावं हवीच असतील तर पाच गावं अशी निवडा, की प्रत्येकात आजूबाजूच्या एक-दोन वाड्यांमधून सुरक्षित येता येईल.

वार आणि वेळ एकदा ठरली की ती मोडायची नाही. पाहुणे आले, बैठक निघाली, कोणी मोठा माणूस येणार म्हणून सत्र रद्द, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा मुलं येत नाहीत. गाडी बिघडली तर सामानाची एक पेटी घेऊन कोणाच्या तरी खासगी गाडीने जा, पण जा. आजारपणासाठी प्रत्येक मार्गावर एक प्रशिक्षित बदली माणूस ठरवून ठेवा.

येणं-जाणं

सत्र शेवटच्या बसच्या वीस मिनिटं आधी संपलं पाहिजे. पाच मिनिटं आधी नाही. बस गावाला लवकर येऊन निघूनही जाते. बसच नसेल तर स्वतःची फेरी ठेवा, तिचे नियम असे: गाडीत चालकाशिवाय दुसरं मोठं माणूस असणारच, चढताना आणि उतरताना नावावर खूण, आणि उतरण्याचा क्रम असा लावायचा, की कोणतंही मूल शेवटी एकटं राहू नये. शेवटच्या थांब्याला भावंडं किंवा शेजारची दोघं उतरतील असं बघा, त्यासाठी मार्ग थोडा लांबला तरी चालेल. सोळा आसनी गाडीत बारा-तेराच मुलं मोजा. आयत्या वेळी ‘माझी बहीणपण आली आहे’ हे होतंच.

प्रवासभाडं देणार असाल तर आधी द्या. पावती आणा, मग पैसे मिळतील, या पद्धतीत ज्याच्या खिशात आज भाड्याचे पैसे नाहीत तोच गळतो, आणि सेवा त्याच्यासाठी होती. सायकलने येणाऱ्यांसाठी पुढचा-मागचा दिवा आणि पंक्चरचं सामान ठेवा. खर्च नगण्य, उपयोग रोजचा.

जागा, पेटी, गाडी

गावात नवीन बांधू नका, असलेली जागा घ्या. बघताना हॉलचा आकार शेवटी बघा. आधी शौचालय: आतून कडी लागते का, दिवा आहे का, पाणी आहे का. ते नसेल तर मुली दुसऱ्यांदा येणार नाहीत आणि कारणही सांगणार नाहीत. मग दरवाजे: बाहेर पडायला दोन हवेत. मग अंधार पडल्यावर रस्त्यापासून दारापर्यंत स्वतः चालून बघा. उतार केला असेल तर तो 1:12 पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी; नाहीतर चाकाची खुर्ची स्वतःच्या हाताने चढत नाही. जागा गावातल्या कोणत्या गटाची समजली जाते तेही विचारा. एका गटाच्या सभागृहात दुसऱ्या गटाची मुलं पाय ठेवत नाहीत. किल्ली तीन जणांकडे हवी. एकाकडे असेल तर एक दिवस सगळे बाहेर उभे राहतील.

पेटीत हवं ते: हजेरीपट, संमतिपत्रं, प्रथमोपचाराचं सामान, सॅनिटरी पॅड, टॉर्च, दहा मीटरची एक्स्टेंशन वायर, चार-पाच चार्जिंग केबल, दोन चेंडू, पंप आणि पंपाच्या दोन सुया (एक हरवतेच), पत्ते, कागद, जाड पेन, चटया. पिण्याचं पाणी आणि काहीतरी खायला. शाळेतून थेट आलेलं मूल उपाशी असतं आणि उपाशी मूल भांडतं.

फिरती गाडी घेतली असेल तर विजेचा हिशेब आधी करा. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर 1200 वॅट-तास. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी 600 धरा. दिवे 20 वॅट, राउटर 10, स्पीकर 20 आणि सहा फोन प्रत्येकी 10 म्हणजे 60. एकूण 110 वॅट. अडीच तासांना 275 वॅट-तास, इन्व्हर्टरचा तोटा धरून सव्वातीनशेपर्यंत. एवढं निभतं. हीटर किंवा किटली लावली की निभत नाही. गाडीसाठी अनुदान मिळतं ते बहुधा खरेदीपुरतं. टायर, विमा, चालक आणि दुरुस्ती यांची दरवर्षीची तरतूद लिहून दाखवता येत नसेल तर गाडी घेऊ नका. भाड्याची खोली आणि पेटी जास्त टिकते.

दोन तासांत काय

पहिली वीस मिनिटं काहीच ठेवू नका: येणं, खाणं, चार्जिंग. मग चाळीस मिनिटं ठरलेला उपक्रम, चाळीस मिनिटं मोकळी, शेवटची वीस आवरणं आणि निघणं. मोकळी चाळीस मिनिटं पाहुण्यांना वाया गेलेली वाटतात. महत्त्वाचं बोलणं तेव्हाच निघतं, तेही समोरासमोर बसून नाही, तर चेंडूत हवा भरताना किंवा चटया गुंडाळताना, शेजारी उभं राहून. म्हणून तीन मोठी माणसं असली तर उत्तम: एक उपक्रमाला, एक दारापाशी, एक रिकामं. दोन ही खालची मर्यादा. एकाच माणसावर सत्र कधीही चालवू नका. धाकट्या गटात एका मोठ्यामागे आठ मुलं, मोठ्या गटात दहा-बारा हे प्रमाण पेलतं.

नव्याचे नऊ दिवस इथेही असतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अर्धं गाव बघायला येतं, मग हजेरी कोसळते, आणि नेमाने जात राहिलात तर महिन्या-दीड महिन्यानंतर खरी मुलं येऊ लागतात. निर्णय बाराव्या आठवड्यानंतर घ्या, आधी नाही.

कागदपत्रांचा एक दिवस ठेवा, महिन्यातून एकदा. ओळखपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, वाहन परवाना, नोकरीचा बायोडेटा. प्रिंटर, स्कॅनर आणि अर्ज नीट भरणारा माणूस एवढंच लागतं. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ म्हटल्यावर न फिरकणारे मोठे मुलगे कागदाच्या कामाला येतात आणि मग टिकतात. मुलींची हजेरी कमी असेल तर जनजागृती करत बसू नका, वेळ बदला: शाळेला लागून, उजेड असताना, आणि पहिले दोन महिने पाहिजे तर फक्त मुलींचं सत्र. आयांना एकदा आत येऊन सगळं बघू द्या.

गुप्तता

शहरात मुलगा समुपदेशकाकडे गेला तर कोणाला कळत नाही. गावात त्याची चप्पल दाराबाहेर दिसली तरी बातमी होते. दवाखान्यात नाव लिहिणारी बाई त्याची मावशी असते. गोष्ट षटकर्णी व्हायला अर्धा दिवस पुरतो. त्यामुळे ग्रामीण सेवेत गुप्तता फक्त फॉर्मवरच्या सहीने येत नाही, ती जागेच्या मांडणीतून घडवावी लागते.

गाडीवर आणि फलकावर ‘मानसिक आरोग्य’, ‘व्यसनमुक्ती’ असं काही लिहू नका. साधं, काहीही अर्थ न निघणारं नाव द्या. विषयांचे वार ठरवू नका, नाहीतर ‘बुधवारी जाणारे’ ही ओळख होते. एकांतात बोलण्यासाठी बाजूची खोली ठेवाल, तिच्यात प्रत्येकाला कधी ना कधी जावं लागेल असं काही ठेवा: चार्जिंगचा बोर्ड, अर्ज, पॅडचा डबा. सगळेच आत-बाहेर करत असले, की कोणी आत गेलं म्हणून कोणी बघत नाही. पॅड मागावे लागू नयेत, हाताने घेता यावेत. कार्यकर्त्याने बाजारात मुलाला आधी हाक मारू नये. त्याने बघितलं तर बघावं.

कार्यकर्ता त्याच गावचा असावा का? भाषा आणि विश्वास यासाठी हो. पण नात्यातल्या, शेजारच्या किंवा देण्याघेण्याच्या व्यवहारातल्या घरातलं मूल असेल तर ते प्रकरण दुसऱ्याकडे द्यायचं, हा नियम लेखी हवा. हजेरीपटात नाव, पण बोलण्याच्या नोंदीत फक्त क्रमांक. क्रमांक आणि नावाची जोडयादी वेगळ्या कुलपात, गावाबाहेर. मेसेजसाठी ग्रुप करू नका, त्यात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट यादी वापरा. फोन संस्थेचा हवा, स्वतःचा नाही.

फोनवर किंवा व्हिडिओवर बोलायची सोय चांगली, पण घरात एकच खोली आणि एकच फोन असेल तर मूल मोकळं बोलूच शकत नाही. आधी विचारा: ‘आत्ता बोलता येईल का?’ नंतर गरज पडली तर फक्त हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा, आणि ‘आता कोणी आलं’ हे सांगणारा एखादा साधा शब्द आधीच ठरवा.

गुप्ततेची मर्यादा बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर नाही: तू स्वतःच्या जिवाला इजा करशील असं वाटलं, तुला कोणी इजा करत असेल, किंवा तू दुसऱ्याला करणार असशील, तर मला पुढे सांगावं लागेल, कोणाला आणि कधी सांगणार ते तुला आधी सांगेन. ‘कोणालाही सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका.

जीव द्यावासा वाटतो असं सूचित झालं तर सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका. जगभरात आत्महत्येच्या सर्वांत सामान्य मार्गांत कीटकनाशक पिणं येतं आणि शेतीच्या घरात ते हाताशी असतं, म्हणून ते कुठे ठेवलंय हे विचारा आणि घरातल्या भरवशाच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी कुलपात किंवा घराबाहेर हलवायला सांगा. मग उपचारापर्यंत सोबत जा.

पुढे पाठवणं म्हणजे चिठ्ठीवर नंबर लिहून देणं नव्हे. ज्या दवाखान्यात किंवा कार्यालयात पाठवणार, तिथे आधी स्वतः जाऊन या: किती थांबावं लागतं, पालकाची सही लागते का, नाव मोठ्याने पुकारतात का. पहिल्या भेटीला बरोबर जा. ही माहिती एका पानावर ठेवा आणि दर तीन महिन्यांनी फोन करून तपासा. बंद पडलेला नंबर एकदा दिला की मूल पुन्हा विचारत नाही.

मुलांची सुरक्षा

कोणालाही घेण्याआधी दोन ओळखीच्यांचे दाखले, कायद्यानुसार शक्य असेल तिथे पोलीस पडताळणी, आणि सहा आठवडे अनुभवी माणसाच्या सोबतीने काम. स्वयंसेवकालाही हेच. ‘सगळ्यांच्या ओळखीचा आहे’ हे पडताळणीला उत्तर होत नाही. मुलाने अत्याचाराबद्दल सांगितलं तर ऐका, त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहा, तारीख-वेळ घाला. चौकशी करू नका, तोंडात शब्द घालणारे प्रश्न विचारू नका, आणि संशयिताशी बोलायला जाऊ नका. कळवण्याचा मार्ग गावातून जाता कामा नये. आरोप ज्याच्यावर आहे तो गावातल्या वजनदार माणसाच्या बैठकीतला असू शकतो, म्हणून थेट जिल्हा पातळीवरची एक जबाबदार व्यक्ती आणि तिची बदली व्यक्ती आधीच नेमलेली हवी.

निर्णयात मुलं

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं घेणं; त्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत. बहुतेक युवा समित्या या तीन पायऱ्यांवर बसलेल्या असतात. त्यातून वर यायचा सोपा उपाय म्हणजे पैसे: उपक्रम-खर्चातला दहावा हिस्सा मुलांनी ठरवायचा आणि तुम्ही फक्त हिशेब तपासायचा. समिती सात ते नऊ जणांची, मुदत एक वर्ष, बैठका आळीपाळीने वेगवेगळ्या गावांत, भाडं आगाऊ. शिक्षकांना नावं सुचवायला सांगू नका. पहिल्या नंबरांची यादी येते.

काय मोजायचं

एकूण हजेरी फसवी असते. चाळीस हजेऱ्या म्हणजे चाळीस मुलं किंवा दहा मुलं चार वेळा. तीन आकडे ठेवा: वेगवेगळी माणसं किती, त्यातली तिसऱ्यांदा आलेली किती, आणि कोणत्या गावांतून. दर तिमाहीला तोच भिंतीवरचा नकाशा काढा आणि गावांवर टाचण्या लावा. टाचणी नसलेल्या गावात जाऊन येणं हे पुढच्या तिमाहीचं पहिलं काम.

बंद करावं लागलं तर

निधी संपतो. शेवटच्या सत्राच्या तीन महिने आधी मुलांना स्पष्ट सांगा. पाठपुरावा चालू असलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या माणसाशी प्रत्यक्ष भेट घालून द्या, आणि ती भेट झाल्यावरच त्याची नोंद बंद करा. चेंडू, चटया आणि पेटी मुलांच्या समितीकडे लेखी सोपवा. हजेरीपट आणि जोडयादी मात्र गावात ठेवू नका. कायद्याने जितके दिवस ठेवायला लागतात तितके दिवस कुलपात ठेवा, मग बारीक फाडून नष्ट करा. फोनचं सिम आणखी सहा महिने चालू ठेवा आणि त्यावर पुढे कुठे फोन करायचा ते सांगणारा संदेश लावा.